मधमाशीचे घड्याळ आणि ते चालवणारी जनुके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावळी खोऱ्यात आमच्या घरामागे सातेरी या देशी मधमाशीच्या काही पेट्या आहेत, आणि कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो. त्यामुळे मला दोन प्रकारची माणसे प्रश्न विचारतात. मधपाळ आणि शेतकरी विचारतात, "माशी अमुक वेळेलाच का येते?" मुले विचारतात, "सर, घड्याळाचे जनुक म्हणजे काय?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर शेवटी एकाच ठिकाणी जाऊन मिळते, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

मधमाशीला वेळ कळते, हे कशावरून म्हणायचे?

परसातल्या लाल भोपळ्याच्या वेलाजवळ एकदा सकाळभर बसून बघा. त्याचे फूल पहाटे उमलते. पुरते उजाडायच्या आत पहिली सातेरी त्यात उतरलेली असते, पायांना पिवळे पराग थापून बाहेर येते आणि लगेच शेजारच्या फुलात जाते. ऊन चढले की फूल मिटू लागते. त्यानंतर माशा वेलाकडे फिरकत नाहीत. रोज येऊन, फूल मिटलेले बघून परत जाण्याचा हेलपाटा त्या घालत नाहीत. त्या वेळेवर येतात आणि वेळ संपली की दुसऱ्या फुलांकडे वळतात.

स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑगस्ट फोरेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असेच काही पाहिले. ते अंगणात न्याहारीला बसत, तेव्हा टेबलावरच्या मुरंब्यावर माशा येत. टेबलावर मुरंबा नसला तरी न्याहारीच्या वेळेला माशा हजर, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे वासाने नव्हे, तर वेळ लक्षात ठेवून. पुढे मधमाशीचे संशोधक कार्ल फॉन फ्रिश यांची विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग हिने १९२९ मध्ये याचे पद्धतशीर प्रयोग केले. माशांवर रंगाचे ठिपके देऊन त्यांना ठराविक वेळेलाच साखरेचा पाक दिला, आणि परीक्षेच्या दिवशी वाटी रिकामी ठेवली. माशा ठरल्या वेळेला आल्याच. तिने आणखी एक गोष्ट करून पाहिली. दर २४ तासांनी पाक दिला तर माशा शिकत, पण दर १९ तासांनी दिला तर काही केल्या शिकत नसत. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण माशी नुसते तास मोजत नाही, तिच्या आत दिवसाएवढ्या लांबीचे एक चक्र आधीपासूनच फिरत असते, हे त्यातून दिसले.

सूर्य कुठे आहे हे बघून ती वेळ ओळखत असेल. आत वेगळे घड्याळ कशाला हवे?

ही शंका त्या काळच्या शास्त्रज्ञांनाही होती. त्यांनी माशा मिठाच्या खाणीत खोल नेल्या, जिथे उजेड नाही आणि दिवस-रात्रीचा फरकही नाही. तिथेही त्यांनी वेळ पाळली. तरीही कोणी म्हणू शकत होते की पृथ्वीच्या फिरण्याशी जोडलेला एखादा सूक्ष्म इशारा त्यांना मिळत असेल. म्हणून १९५५ मध्ये मॅक्स रेनर यांनी पॅरिसमध्ये एका बंद खोलीत माशांना ठराविक वेळेची सवय लावली, रातोरात विमानाने त्या न्यूयॉर्कला नेल्या आणि तिथे तशाच खोलीत सोडल्या. माशा पाकाच्या वाटीवर आल्या त्या पॅरिसच्या वेळेने, म्हणजे आदल्या जेवणानंतर बरोबर २४ तासांनी. बाहेर न्यूयॉर्कचे घड्याळ काय सांगते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

नंतर त्यांनी उघड्यावरही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला पेटी हलवून पाहिली. तिथे काही दिवसांत माशांची वेळ स्थानिक सूर्याकडे सरकत गेली. म्हणजे घड्याळ आतले, पण ते सूर्याशी जुळवून घेते. आपणही मनगटावरचे घड्याळ अधूनमधून जुळवतो, पण म्हणून ते चालवत नाही.

हे घड्याळ माशीच्या शरीरात असते कुठे?

मुख्यतः मेंदूत. माशीचा मेंदू जेमतेम एक घनमिलिमीटरचा, त्यात सुमारे दहा लाख चेतापेशी. त्यांतले काही मोजके पुंजके घड्याळाचे काम करतात आणि एका छोट्या रासायनिक रेणूने बाकीच्या मेंदूला वेळेची खबर देतात. प्रत्येक घड्याळ-पेशीच्या आत मात्र तेच चक्र स्वतंत्रपणे फिरत असते. ते चक्र जनुकांचे आहे.

जनुक घड्याळ कसे काय चालवू शकते? जनुक तर आईबापांकडून येते आणि तसेच राहते ना?

जनुक तसेच राहते, त्याचा वापर बदलतो. घरात पाककृतींची वही असते, पण रोज सगळे पदार्थ शिजत नाहीत. पुरणपोळीचे पान होळीला उघडते. पेशीत जनुक उघडून त्याची नक्कल काढली जाते, त्या नकलेला आरएनए म्हणतात, आणि नकलेवरून प्रथिन तयार होते. एखादे जनुक किती वाचले जात आहे, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणायचे. घड्याळाच्या जनुकांची अभिव्यक्ती दिवसभरात चढते आणि उतरते.

का चढते-उतरते, हे वर्गात सांगताना मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण देतो. पंप सुरू केला की टाकी भरते. पाणी वर आले की फ्लोट उचलला जातो आणि पंप बंद पडतो. घरात पाणी वापरले जाते, पातळी उतरते, फ्लोट खाली येतो, पंप पुन्हा सुरू. आता पेशीत बघा. 'क्लॉक' आणि 'सायकल' या दोन जनुकांची प्रथिने जोडीने डीएनएवर बसतात आणि 'पिरियड' व 'क्रिप्टोक्रोम' ही जनुके सुरू करतात. हा झाला पंप. पिरियड आणि क्रिप्टोक्रोमची प्रथिने पेशीत साठत जातात, हे झाले पाणी. पुरेशी साठली की ती केंद्रकात शिरतात आणि क्लॉक-सायकलच्या जोडीला अडवतात, म्हणजे स्वतःच स्वतःचा पंप बंद करतात. मग दुसरी विकरे त्या प्रथिनांवर खुणा करून त्यांचा निचरा करतात, अडथळा दूर होतो आणि पुन्हा नवी फेरी.

टाकीचे उदाहरण एका बाबतीत अपुरे आहे आणि ते मुलांनी लक्षात घ्यायला हवे. टाकीला २४ तास लागत नाहीत. पेशीत प्रत्येक टप्प्याला उशीर आहे: नक्कल निघायला वेळ, प्रथिन बनायला वेळ, साठायला, केंद्रकात शिरायला, मोडायला वेळ. हे सगळे उशीर मिळून जवळपास एक दिवस भरतो. उशीर नसता तर पंप सतत थोडा थोडा चालत राहिला असता, लाट उठलीच नसती.

'पिरियड' जनुकाचा शोध मधमाशीत नव्हे, फळमाशीत लागला. रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी १९७१ मध्ये अशा फळमाशा दाखवल्या ज्यांचे घड्याळ एका जनुकातल्या बदलामुळे पुढे धावे, मागे पडे किंवा पार बिघडून जाई. त्या जनुकाचे काम उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये मिळाले होते, ते मात्र थेट मधमाशीच्या अभ्यासाचे.

मग मधमाशीचे घड्याळ फळमाशीसारखेच असणार, दोन्ही कीटकच की.

सगळ्यांचा अंदाज तोच होता, आणि तो चुकला. २००६ मध्ये मधमाशीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हा त्यात फळमाशीच्या घड्याळाचे दोन महत्त्वाचे भाग सापडलेच नाहीत. फळमाशीत पिरियडचा जोडीदार असतो 'टाइमलेस', तो मधमाशीत नाही. फळमाशीत एक क्रिप्टोक्रोम उजेड टिपून घड्याळ जुळवतो, तोही मधमाशीत नाही. त्याऐवजी मधमाशीत जो क्रिप्टोक्रोम आहे तो उंदराच्या आणि आपल्या जातकुळीचा, पिरियडबरोबर जोडी जमवून पंप बंद करणारा. मधमाशीच्या मेंदूत पिरियड आणि या क्रिप्टोक्रोमचे आरएनए बरोबरीने रात्री चढतात, आणि 'सायकल' त्यांच्या उलट चालते. सस्तन प्राण्यांतही सायकलचाच भाऊ असलेले जनुक वर-खाली होते. फळमाशीत मात्र सायकल स्थिर राहते आणि क्लॉक हलते.

भोपळ्याच्या फुलात बसलेल्या त्या एवढ्याशा जिवाच्या डोक्यातले घड्याळ घरातल्या फळांभोवती घोंगावणाऱ्या चिलटापेक्षा तुमच्या-माझ्या घड्याळाशी जास्त मिळतेजुळते आहे. हे मी पहिल्यांदा वाचले त्या संध्याकाळी पेट्यांपाशी बराच वेळ उभा होतो.

एका पेटीतल्या सगळ्या माशांचे घड्याळ सारखेच चालते का?

नाही. हे पान मी लिहायला घेतले ते मुख्यतः या प्रश्नासाठी.

कामकरी माशी अंड्यापासून बाहेर यायला सुमारे तीन आठवडे घेते. बाहेर आली की आधी घर साफ करते, मग अळ्यांना भरवते, पुढे मेण, मध साठवणे, पहारा, आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात बाहेर जाऊन मकरंद-पराग आणते. अळ्या भरवणाऱ्या तरुण माशांना आपण दाई माशा म्हणू. अळीला रात्री दोन वाजताही भूक असते आणि पिल्लांच्या भागाचे तापमान ३४-३५ अंशांवर ठेवावे लागते. त्यामुळे दाईला रात्र-दिवस नाही. ती थोडी थोडी विश्रांती घेत चोवीस तास काम करते. बाहेर जाणारी माशी दिवसा उडते आणि रात्री झोपते.

हे फक्त वागण्यात नाही, जनुकांतही दिसते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेर जाणाऱ्या माशांच्या मेंदूत पिरियडचे आरएनए तरुण माशांपेक्षा जास्त आढळले. पुढे इस्रायलमध्ये गाय ब्लॉक यांच्या गटाने दाखवले की बाहेर जाणाऱ्या माशीत घड्याळाच्या जनुकांची लाट स्पष्ट उठते आणि दाईच्या मेंदूत ती दबलेली, जवळजवळ सपाट असते.

आता कोणालाही वाटेल की दाई लहान आहे, तिचे घड्याळ अजून तयार झाले नसेल. तसे नाही. दाईला पोळ्यावरून उचलून अळ्यांपासून दूर ठेवले की लवकरच तिच्यात दिवस-रात्रीची लय दिसू लागते, जनुकांसकट. पेटीच्या आतच, पण अळ्या नसलेल्या पोळ्यावर कोंडून ठेवली तरीही तसेच होते. उलट, वसाहतीत तरुण माशा कमी पडल्या तर बाहेर जाणाऱ्या म्हाताऱ्या माशा परत दाईचे काम हाती घेतात, आणि तेव्हा त्या पुन्हा चोवीस तास कामाला लागतात. घड्याळ मोडलेले नसते. पिल्लांच्या सहवासात ते बाजूला ठेवले जाते, आणि गरज संपली की परत हाती घेतले जाते.

रात्रपाळी करणाऱ्या माणसांचे शरीर वर्षानुवर्षे त्रास काढते. घरात तान्हे मूल असलेल्या आईची झोप कशी तुटते हे सांगायला नको. माशीने मात्र हे काम घड्याळाशी भांडून नव्हे, घड्याळालाच कामाप्रमाणे वळवून साधले आहे. म्हणून जगभरच्या संशोधकांचे लक्ष अळ्यांच्या या पोळ्याकडे लागलेले असते.

आम्ही महाविद्यालयात काचेची निरीक्षणपेटी ठेवली होती. एकदा दोन विद्यार्थ्यांसह रात्री दोन वाजता, लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात ती पाहिली. पोळ्याच्या कडेला काही माशा निश्चल बसल्या होत्या, पाय किंचित दुमडलेले, मिशा खाली झुकलेल्या, इतक्या ढिल्या की शेजारची माशी घासून गेली तर त्या नुसत्या हलायच्या आणि पुन्हा खाली यायच्या. ही झोप आहे. १९८० च्या दशकात वॉल्टर कायझर यांनी तिची नोंद केली. आणि मध्यभागी, दोन इंचांवर, दाई माशा एका कोठीत डोके घालून बाहेर येत, पुढच्या कोठीत डोके घालत, भर दुपारी चालावे तसे काम चालू. एका विद्यार्थिनीने हळूच विचारले, "सर, यांच्यासाठी आत्ता किती वाजलेत?" इतका नेमका प्रश्न मला कोणी क्वचितच विचारला आहे.

आणि राणी?

अंडी घालणारी राणीसुद्धा रात्रंदिवस काम करते. कुमारी राणीत मात्र दिवसाची लय दिसते, कारण तिला मीलनासाठी ठराविक वेळेला बाहेर उडायचे असते.

पेटीत तर काळोख असतो. आतल्या माशीला दिवस उगवल्याचे कळते कसे?

तिच्या सोबतिणींमुळे. कधीच उजेड न पाहिलेली तरुण माशी पेटीतून काढून एकटी अंधारात ठेवली, तर तिची लय बाहेरच्या दिवसाशी जुळलेली निघते. तिचे घड्याळ बाहेर जाऊन आलेल्या माशांनी लावलेले असते. २०१६ च्या एका अभ्यासात उजेडाची वेळ एक आणि वसाहतीची वेळ दुसरी अशी विसंगती मुद्दाम घडवली, तेव्हा तरुण माशांवर वसाहतीचा जोर जास्त पडला. बरीच वर्षे शास्त्र असे मानत आले की उजेड हाच घड्याळाचा राजा. मधमाशीने त्याला अपवाद दाखवला. हा संदेश पोळ्यातून जाणारी थरथर आणि वसाहतीतला वास यांतून पोचत असावा. सकाळी पेटीला कान लावलात तर ती गुणगुण चढताना तुम्हालाही ऐकू येईल.

माशीला घड्याळाचा फायदा तरी काय? फक्त फुलांच्या वेळा?

फुलांच्या वेळा हा मोठा फायदा आहेच. लाल भोपळा पहाटे उमलतो, दुधी आणि दोडका संध्याकाळी. प्रत्येक फुलाचा मकरंद वेगळ्या वेळेला भरतो.

दुसरा उपयोग दिशेचा. माशी सूर्याच्या आधाराने वाट धरते, पण सूर्य सरकत असतो. सकाळी सापडलेल्या जांभळाच्या झाडाकडे दुपारी जायचे तर सूर्य किती सरकला याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तो घड्याळाशिवाय होत नाही. पोळ्यावर नाचून दिशा सांगणारी माशी बराच वेळ नाचत राहिली तर, बाहेर न जाता, सूर्य सरकेल तसा नाचाचा कोन बदलत नेते.

झोप मोडली की हाच नाच बिघडतो. अमेरिकेत २०१० साली काही माशांच्या पाठीवर पोलादाचे कण चिकटवून चुंबकाने त्यांना रात्रभर हलवत ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नाचातली दिशा नीट जुळेना.

नर माशा दुपारनंतरच का उडतात?

प्रत्येक जातीची मीलनाची वेळ वेगळी असते. श्रीलंकेत १९७६ साली नोंदवले गेले की फुलोरी माशीचे नर दुपारी, सातेरीचे दुपार कलल्यावर आणि आग्या माशीचे सूर्य मावळताना उडतात. एकाच रानात राहूनही जाती एकमेकींत मिसळत नाहीत, त्यामागे ही वेळेची वाटणी आहे.

आग्या माशी चांदण्या रात्री उडते असे जुने लोक सांगतात. खरे आहे का?

खरे आहे. चंद्र पुरेसा मोठा असेल तर आग्या माशी रात्रीही फुलांवर जाते. पण पूर्ण काळोखात, अमावास्येलाही उडणारा आपल्या सह्याद्रीतला जीव वेगळाच, तो म्हणजे मोठा भुंगा. भीमाशंकरच्या जंगलात त्याच्या एका जातीवर संशोधन झाले आहे. लाकूड पोखरतो म्हणून त्याला हाकलणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

मेंदूतल्या जनुकाचे चढउतार मोजतात कसे?

माशांना एकसारखा अंधार आणि एकसारखे तापमान देऊन ठेवतात. मग दर तीन-चार तासांनी काही माशा अतिथंड नायट्रोजनमध्ये गोठवतात, म्हणजे त्या क्षणी आरएनए होते तसेच थिजून राहते. मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा काढतात, त्यातला आरएनए वेगळा करतात, त्याचे डीएनएत रूपांतर करून पीसीआर यंत्रावर मोजतात. एका माशीचा मेंदू एकदाच वाचता येतो, त्यामुळे २४ तासांचा एक आलेख काढायला बऱ्याच माशांचा जीव जातो. म्हणूनच असा प्रयोग नीट आखल्याशिवाय कोणी हाती घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

माशा हाताळण्याचे काम लाल उजेडात करतात. माशीच्या डोळ्यांना अतिनील, निळा आणि हिरवा रंग दिसतो, लाल दिसत नाही.

न्यूझीलंडमध्ये २०१२ साली माशांना दिवसा सहा तास भूल दिली. शुद्धीवर आल्यावर त्यांची वेळ तीनएक तासांनी मागे पडलेली होती, आणि मेंदूतल्या पिरियड व क्रिप्टोक्रोमची लाटही तशीच मागे सरकली होती. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला वेळेचे भान का राहत नाही, हे समजून घ्यायला हा अभ्यास उपयोगी पडला.

आपल्या सातेरीवर असे काम झाले आहे का?

सातेरीच्या जपानी उपजातीतील पिरियड जनुक २००१ मध्ये वाचले गेले आहे. वर सांगितलेले बाकीचे बहुतेक काम युरोपीय मेलिफेरा माशीवरचे आहे. सह्याद्रीतल्या सातेरीवर ते व्हायला हवे, आणि त्याला महाबळेश्वरसारखी जागा नाही. तिथे पावसाळ्यात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आठवडाच्या आठवडा सूर्य दिसत नाही, माशा पेटीत अडकून पडतात आणि आपण साखरेचा पाक देऊन त्यांना तगवतो. बाहेर जाणेच बंद झाल्यावर वसाहतीचे घड्याळ कोण लावते? सातारा-सांगलीच्या एखाद्या महाविद्यालयातल्या मुलांनी पेटीच्या दाराशी ये-जा मोजण्यापासून जरी सुरुवात केली, तरी ते खरे काम होईल.

फवारणी कोणत्या वेळेला करावी?

सूर्य मावळल्यावर, माशा पेटीत परतल्यावर. सकाळी आठ-नऊला कधीही नाही.

तासगावकडे द्राक्षाच्या, आटपाडी-जतकडे डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबाला माशीची गरज असते, म्हणून बागेत पेट्या ठेवणारे शेतकरी वाढले आहेत. द्राक्षाला तशी गरज नाही, त्यामुळे तिथे माशीचा विचार राहून जातो. पण बागेखालच्या तणाला फूल असते आणि माशी त्या फुलावर ठरलेल्या वेळेला येते. कालपर्यंत तिथे मकरंद मिळाला होता म्हणून ती आज त्याच वेळेला तिथे येणार. तिची वक्तशीरता तिथे तिच्या जिवावर उठते.

माझ्या पेट्या एका ओळखीच्यांच्या शिवारात होत्या तेव्हाची गोष्ट. शेजारच्या रानात सकाळी नऊच्या सुमारास फवारणी झाली. संध्याकाळी गेलो तर पेटीच्या दाराखाली मेलेल्या माशांचा थर होता, काहींच्या पायांना अजून पराग होते. त्या पराग आणणाऱ्या माशा होत्या, म्हणजे वसाहतीतल्या सगळ्यांत अनुभवी. आतल्या दाया वाचल्या, पण त्यांना वेळेआधी बाहेर पडावे लागले आणि मागे अळ्या उघड्या पडल्या. फवारणी करणाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते. आता मी पेट्या ठेवायच्या आधी आजूबाजूच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी जाऊन वेळ ठरवतो, आणि एकानेही नाही म्हटलेले नाही.

एक सावधगिरी मात्र संध्याकाळच्या फवारणीनेही सुटत नाही. निओनिकोटिनॉइड गटातली औषधे झाडात भिनतात आणि मकरंदातही उतरतात. २०२० च्या एका अभ्यासात या औषधांमुळे माशांची झोप आणि दिवस-रात्रीची लय दोन्ही बिघडल्याचे दिसले. माशी लगेच मरत नाही, तिचे घड्याळ बिघडते, आणि घड्याळ बिघडलेली माशी वाट चुकते. फुलोऱ्याच्या दिवसांत ही औषधे टाळावीत.

पेट्या एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेल्या तर घड्याळ बिघडते का?

नाही. साताऱ्याहून जतपर्यंत सूर्याच्या वेळेत जेमतेम पाच मिनिटांचा फरक पडतो. अडचण दुसरी असते: नव्या जागेच्या खुणा आणि तिथल्या फुलांच्या वेळा त्यांना नव्याने शिकाव्या लागतात, त्याला काही दिवस द्या. अंधार पडल्यावर, सगळ्या माशा आत आल्यावर दार बंद करा, हवा खेळती ठेवा आणि रातोरात पोचवा. दुपारी पेटी उचलली तर बाहेर गेलेल्या माशा जुन्या जागेवर परततात आणि तिथेच घिरट्या घालत मरतात.

पेटीजवळ रात्री दिवा चालेल का?

शक्यतो नको. पांढऱ्या दिव्याकडे माशा झेपावतात आणि सकाळी दिव्याखाली मरून पडलेल्या दिसतात. उजेडाने घड्याळही सरकते. रात्री पाहायचेच असेल तर लाल उजेडात, झाकण न उघडता, फक्त दाराशी.

मुलांना हे प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, तिथे सातेरीच्या पेट्या जवळून बघता येतात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

घरी करता येईल असा एखादा प्रयोग सांगा.

बेलिंगचाच करा. जांभूळ किंवा हिरडा भरात असताना करू नका, तेव्हा माशी वाटीकडे ढुंकून बघत नाही. फुलोरा ओसरल्यावर, पेट्यांपासून बऱ्यापैकी दूर, एका वाटीत साखरेचा पाक ठेवा. फार जवळ ठेवलात तर एका पेटीच्या माशा दुसरीत शिरून मध लुटू लागतील. पाकात चार काड्या टाका, म्हणजे माशा बुडणार नाहीत. सकाळी नऊ ते दहा एवढाच वेळ वाटी ठेवायची, दहाला उचलून जागा पुसून घ्यायची. आलेल्या माशांच्या पाठीवर बारीक ब्रशने रंगाचा ठिपका द्या. आठवडाभर वेळ चुकवू नका. मग एक दिवस धुतलेली, रिकामी, बिनवासाची वाटी सकाळी सातपासून ठेवा आणि ठिपक्यांच्या माशा दर पंधरा मिनिटांनी मोजून वहीत लिहा. सात वाजता कोणी नसते, आठलाही सहसा कोणी नसते. नऊला अजून काही मिनिटे असताना पहिली ठिपक्याची माशी येते आणि रिकाम्या वाटीच्या काठावर फिरू लागते.